माझा पूर्णविराम सुनेला लागला

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई ६२ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या. माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. मुलगा-सून हैदराबादला असतात. गेल्या वर्षी गौरी-गणपतीला दोघांचं येणं ऐनवेळी रद्द झालं. सुनेने व्हॉट्सॲपवर मोठा निरोप पाठवला: रजा मिळत नाहीये, खूप वाईट वाटतंय, तुम्ही एकट्या सगळं कसं कराल, पुढच्या वर्षी नक्की येतो. ताईंनी उत्तर दिलं, "ठीक आहे." दिवाळीत मुलगा बोलता बोलता म्हणाला, "आई, तू तेव्हा किती रागावली होतीस! ती दोन दिवस अस्वस्थ होती." राग कशावरून कळला, तर त्या टिंबावरून. शिवाय ताई "पोचलात का... जेवण झालं का... बरं..." असं लिहितात, तेही टोमण्यासारखं वाटतं म्हणे. सून मात्र "आई!!! किती सुंदर!!!" असं लिहिते आणि ते ताईंना किंचाळल्यासारखं वाटतं. त्या दिवसापासून ताईंनी लिहिणंच सोडलं आहे. सकाळी एक फुलाचं चित्र, जोडलेले हात, बस्स. त्या विचारतात: "पूर्णविराम विसरणाऱ्या मुलांचा मी जन्मभर अर्धा गुण कापला. आता शुद्ध लिहिणं हाच गुन्हा झाला का? माया दाखवायला चिन्हांची नाटकं करायची का? की ही पिढीच फार हळवी आहे? खरं सांगते, मला राग मुळीच नव्हता. दोघांपुरत्याच गौरी म्हणून पुरणसुद्धा पाव किलो डाळीचंच केलं, इतकंच."

ताई,

शुद्ध लिहिणं हा गुन्हा नाही. तुमचा पूर्णविराम व्याकरणाने बरोबर होता आणि त्यासाठी तुम्ही कुणाची माफी मागायची गरज नाही. पण सुनेने जे वाचलं तेही उगीच नव्हतं. तुम्ही वहीच्या रीतीने लिहिलंत, तिने फोनच्या रीतीने वाचलं. दोन्ही रीती आपापल्या जागी पक्क्या आहेत. म्हणून "कोण चुकलं" हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू, कारण त्याचं उत्तर सापडलं तरी तुमचं अडलेलं लिहिणं सुरू होणार नाही.

आधी टिंबाचं बघू. वहीत पूर्णविराम काय करतो? इथे एक वाक्य संपलं, आता दुसरं, एवढं सांगतो. तो काढला तर दोन वाक्यं एकमेकांत घुसतात, म्हणून तुम्ही अर्धा गुण कापत होतात आणि ते योग्यच होतं. व्हॉट्सॲपवर मात्र निरोप पाठवला की त्याच्याभोवती चौकट येते, कोपऱ्यात वेळ उमटते. वाक्य संपलं हे चौकटच सांगून मोकळी होते. मग आतल्या शेवटच्या टिंबाला काही कामच उरत नाही. आणि ज्याला काम नाही असं काही समोर दिसलं की वाचणारा त्याला काम शोधून देतो. "हे न देताही चाललं असतं, तरी दिलंय, म्हणजे मुद्दाम दिलंय." तिथून "विषय संपला" आणि "आई रागावल्या" इथवर पोचायला वेळ लागत नाही.

तुमचा फोन उघडा आणि सुनेचेच जुने निरोप बघा. चार वाक्यांचा निरोप असेल तर मधल्या वाक्यांना टिंबं दिसतील. शेवटचं वाक्य बहुधा उघडंच सोडलेलं असेल. ती पूर्णविराम विसरलेली नाही. जिथे त्याला काम आहे तिथे ती देते.

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रयोग केला. तो २०१५च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. १२६ विद्यार्थ्यांना छोटे छोटे संवाद वाचायला दिले. एकजण काहीतरी सुचवतो, दुसरा एका शब्दात होकार देतो. काही होकारांपुढे टिंब, काहींपुढे नाही. फोनवरच्या निरोपात टिंब असलेला होकार मुलांना कमी मनापासूनचा वाटला. आणि तेच संवाद हाताने लिहिलेल्या चिठ्ठीच्या रूपात दाखवले, तेव्हा टिंबाने काहीही फरक पडला नाही. वाचणारी मुलं तशीच, शब्द तेच, टिंब तेच. फरक फक्त कागद की फोन एवढाच होता. तेव्हा ताई, ही पिढी हळवी आहे का, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. हीच मुलं तुमची हस्ताक्षरातली चिठ्ठी अगदी तुमच्यासारखीच वाचतील.

आता "चिन्हांची नाटकं" या तुमच्या शब्दांकडे येते, कारण ते मला पटत नाहीत.

आज आपण ज्याला शुद्धलेखनातली विरामचिन्हं म्हणतो ती मराठीत फार जुनी नाहीत. मोडीतली पत्रं बघा. आधी ओळ आखून घ्यायची आणि तिला अक्षरं लगटून लिहीत जायची. शब्द सुटे करायचीही रीत नव्हती, मग स्वल्पविराम कुठला? पोथ्यांमध्ये दंड होते, एक उभा, दोन उभे. बाकीचं सगळं सामान एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणाने आलं. मेजर थॉमस कँडी यांनी १८५०मध्ये "विरामचिन्हांची परिभाषा" हे पुस्तक काढलं, तेव्हापासून ती चिन्हं छापील मराठीत रुजत गेली. म्हणजे पावणेदोनशे वर्षांची ही रीत. ती छापखान्याच्या आणि शाळेच्या गरजेतून आली आणि चांगली रुळली. आता गप्पाच लिहून होऊ लागल्या आहेत, तर त्या गरजेतून आणखी एक रीत घडते आहे.

आणि भावना अक्षरांच्या बाहेर, कागदावर दाखवणं हे आपल्याला नवं आहे का? लग्नपत्रिकेला कुंकू लावल्याशिवाय ती घराबाहेर पडत नव्हती. पोस्टमनने दिलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की न वाचताच घरात कळायचं, कोणीतरी गेलं. "चि." आणि "ती.", "अनेक उत्तम आशीर्वाद" आणि "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" यांनी पत्राच्या पहिल्याच ओळीत नातं आणि अंतर दोन्ही ठरायचं. एखाद्याने शेवटी "लोभ असावा" लिहिलं नाही तर तेही लक्षात यायचं, घरात त्यावर बोलणं व्हायचं. फाटका कोपरा हे नाटक नव्हतं. वाचणाऱ्याला मनाची तयारी करायला दिलेला तो अवधी होता. तुमची सून उद्गारचिन्हांनी तेच करते आहे: वाचणाऱ्याने कुठल्या मनाने वाचावं, याची सोय.

तुमच्या तीन टिंबांबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या अशा पत्रांत पूर्णविरामापेक्षाही ही टिंबंच जास्त भांडणं लावताना दिसतात. साठीच्या आसपासची पुष्कळ माणसं ती देतात. अंतर्देशीय पत्रावर जागा कमी आणि सांगायचं खूप, तेव्हा आपण एका विषयातून दुसऱ्यात जाताना रेघ किंवा टिंबं टाकून पुढे जात होतो. बोलताना घेतला जाणारा श्वास, तेवढाच त्यांचा अर्थ. "पोचलात का... जेवण झालं का..." यात तुमच्या मनात फक्त तो श्वास असणार, याची मला खात्री आहे.

पण तुम्ही मराठी शिकवलंय. व्याकरणाच्या पुस्तकात या तीन टिंबांचं नाव काय आहे? लोपचिन्ह. काहीतरी गाळलंय, बोलणं मध्येच तुटलंय, हे दाखवणारं चिन्ह. तुमची सून "बरं..." वाचून जर विचारात पडत असेल की आईंनी काय गाळलं, तर ती अगदी पुस्तकाप्रमाणे वाचते आहे. या बाबतीत शुद्धलेखनाच्या बाजूला ती उभी आहे. म्हणून इथे माझा सल्ला सरळ आहे: ही टिंबं सोडा. श्वास घ्यायचा असेल तर खालच्या ओळीवर जा किंवा वेगळा निरोप पाठवा. "पोचलात का?" हा एक. "जेवण झालं का?" हा दुसरा. प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह द्या; त्याने प्रश्न प्रेमाचाच राहतो आणि उत्तर द्यायचं आहे हेही कळतं.

आता जरा अवघड भागाकडे येते. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मीही मोकळेपणाने विचारते.

"मला राग मुळीच नव्हता," असं तुम्ही लिहिता. आणि लगेच पुढे, "दोघांपुरत्याच गौरी म्हणून पुरणसुद्धा पाव किलो डाळीचंच केलं, इतकंच." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुणी विचारलेलं नसताना, इतक्या महिन्यांनंतर, त्या दिवशीची डाळ किती होती हे तुम्ही मला लिहिता. ताई, राग नसेल. पण वाईट वाटलं होतं ना? गौरी जेवायच्या दिवशी घरात सूनबाई नाही, नैवेद्याचं ताट वाढून झाल्यावर पंगतीला दोनच पानं, हे लागणारच. आणि त्याच वेळी ती मुद्दाम आली नाही असंही नाही, हेही तुम्हाला कळत होतं. वाईट वाटतंय म्हणावं तर तिला अपराधी वाटेल, वाटत नाही म्हणावं तर खोटं. अशा वेळी आपल्या पिढीतल्या बायका एकच करत आल्या: "ठीक आहे" म्हणून विषय मिटवत आल्या. तुमच्या मनात ते समजूतदारपणाचं होतं. पण तिने आठ-दहा वाक्यांत मन मोकळं केलं आणि तिला परत दोन शब्द मिळाले. पुढचं टिंब काढून टाकलं असतं तरी हे दोन शब्द तिला तोकडेच वाटले असते.

म्हणजे तिने काहीतरी ओळखलं होतं, पण चुकीच्या नावाने. तुमचं दुःख तिला राग म्हणून पोचलं. टिंब एवढंच करू शकतं. ते "काहीतरी आहे" इतकं सांगतं, "काय आहे" ते सांगत नाही. तेवढं सांगायला शब्दच लागतात. त्या दिवशी असं लिहिलं असतंत तर?

"वाचलं गं. तुम्ही नाही म्हणून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रजेचं तुमच्या हातात नाही हेही कळतं. रागावले नाहीये हं. पूजेचे फोटो पाठवते, संध्याकाळी फोन कर"

यात एकही चित्र नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. तरी कुणाला यात राग दिसणार नाही. याचं कारण "गं" आणि "हं". ताई, ही आपल्या भाषेची खरी श्रीमंती आहे आणि फोनवर लिहिताना नेमकी तीच आपण घरी ठेवून येतो. मराठीत आपण आवाजाचा चढउतार या छोट्या शब्दांत भरून ठेवलेला आहे. "ये" म्हटलं तर हुकूम. "ये हं" म्हटलं तर वाट बघते आहे. "ये ना" हा आग्रह. "ये की" म्हटलं की आपल्या सांगली-कोल्हापूरकडचा हक्काचा गोडवा येतो, "त्यात काय विचारायचं" असा. "ये बाई एकदाची" यात तर काळजी, कंटाळा, माया सगळंच आलं. बोलताना तुम्ही हे सगळं वापरत असणार. पण लिहायला बसलात की फळ्यासमोरच्या बाई जाग्या होतात आणि वाक्यातून "गं" पुसून टाकतात, कारण निबंधात "गं" चालत नाही. व्हॉट्सॲपवर निबंध लिहायचा नाहीये. तिथे बोलल्यासारखं लिहायचं आहे. नवं व्याकरण शिकण्याची गरज तुम्हाला जवळजवळ नाही. तोंडात असलेली मराठी बोटांवर आणायची आहे.

अवग्रहही वापरा. उच्चार लांबवायला "ऽ" हे चिन्ह आपल्या व्याकरणात आहेच आणि बऱ्याच मराठी कीबोर्डवर ते सापडतं. "अगंऽऽ किती दिवसांनी!" यातली ओढ कुठल्याही चित्रात नाही. तरुण मुलं "होओओ", "आईईई" असं अक्षर वाढवून तेच करतात. रोमन अक्षरांत मराठी लिहिणारे मोठी अक्षरं वापरून ओरडतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे आपल्याकडे ओढ दाखवायला अवग्रह आणि जोर दाखवायला "च" आहे. "तूच ये", "आजच ये", "येच". अख्खं वाक्य ठळक करूनही हे साधत नाही.

आता सुनेच्या उद्गारचिन्हांकडे याच नजरेने बघा. तुम्ही तिला "गं" म्हणू शकता, "अगं" म्हणू शकता, नुसत्या नावाने हाक मारू शकता. ती तुम्हाला काय म्हणणार? "अहो आई." तिला "अगं आई" म्हणायची सोय नाही, एकेरीवर येता येत नाही. मान राखणाऱ्या मराठीत लाडाच्या जागा कमी असतात. तुम्ही काढलेल्या रांगोळीचा फोटो बघून तिला जे वाटलं ते "खूप सुंदर आहे" एवढ्यात मावेना आणि सलगी तर करता येत नाही. तेव्हा तिने तीन उद्गारचिन्हं टाकली. ते किंचाळणं नाही. तुमच्या "गं" ला तिच्याकडे जे उत्तर आहे, ते हे. पुढच्या वेळी "आई!!!" दिसलं की ते "अगं आईऽऽ" असं वाचून बघा. तुम्ही स्वतः तीन चिन्हं द्यायलाच हवीत असं मात्र नाही. तुमच्या तोंडी ती शोभणार नाहीत आणि तिलाही ते उसनं वाटेल.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा, आणि हे सगळ्याच वाचकांना सांगते: लिहून केलेला लटका टोमणा. "मोठी माणसं झालात, आमची आठवण कशाला येईल" हे फोनवर हसत म्हटलं तर सून हसेल. लिहिलं तर रात्रभर जागेल. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००५ सालचं संशोधन आहे. त्यात माणसांनी एकमेकांना काही वाक्यं पाठवली, काही गंभीर, काही उपरोधाची. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की आपला रोख समोरच्याला शंभरातल्या ७८ वेळा बरोबर कळेल, मग आपण लिहू किंवा बोलू. बोलून सांगितलं तेव्हा तो ७३ वेळा कळला. ईमेलने लिहून पाठवलं तेव्हा ५६ वेळा, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा थोडंच बरं. लिहिणाऱ्याला आपला आवाज स्वतःच्या मनात ऐकू येत असतो, म्हणून त्याला वाटतं तो कागदावरही उतरला. तो उतरत नाही. थट्टा करायची तर फोन लावा.

आणि ही अडचण आजची नाही. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदाच्या पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, एक आडवी रेघ आणि एक कंस टाकून आडवा हसरा चेहरा काढावा. कारण तिथली शिकलीसवरलेली माणसं एकमेकांचे लेखी विनोद गंभीरपणे घेत होती. आजच्या पिवळ्या चेहऱ्यांच्या मुळाशी हीच गरज आहे.

त्या चेहऱ्यांबद्दल थोडक्यात. मोजके दोन-तीन पुरतात, आणि ज्यांचा अर्थ तुम्हाला पक्का माहीत आहे तेवढेच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा रडणारा समजून निधनाच्या बातमीखाली टाकला गेल्याची उदाहरणं घराघरांत आहेत, आणि ते फार लागतं. जोडलेल्या हातांचा अर्थ नमस्कार, आभार, श्रद्धांजली, क्षमा आणि "आता पुरे" यांतलं काहीही होऊ शकतं. म्हणून नुसते हात पाठवून थांबू नका. शोकाच्या निरोपात तर शब्दच हवेत, साधे, पूर्ण वाक्यातले, आणि तिथे पूर्णविरामही द्या. गांभीर्य दाखवण्याचं काम तो उत्तम करतो. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारे टाकून अक्षर ठळक करायची सोय व्हॉट्सॲपवर २०१६पासून आहे. ती गाडीची वेळ, डब्याचा क्रमांक, औषधाचं नाव यांच्यासाठी राखून ठेवा.

तुमच्यापुढे आता मार्ग काय? तुम्ही सध्या जो धरला आहे, लिहिणं बंद आणि सकाळचं फूल चालू, तो मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. तुमच्या मनात "चूक नको व्हायला" आहे, पण तिकडे हैदराबादला काय पोचतंय? आधी आई "पोचलात का" विचारायच्या, आता फक्त फॉरवर्ड येतात. टिंबावरून राग वाचणारी मुलगी या गप्पपणातून किती वाचेल याचा विचार करा. दुसरा मार्ग, आवाजाचा निरोप. तो चांगला आहे. आवाजात सगळं येतं, चष्मा शोधावा लागत नाही. पण ऑफिसात बसलेल्या माणसाला तो लगेच ऐकता येत नाही, आणि एरवी लिहिणारी सासू अचानक बोलून निरोप पाठवू लागली तर काहीतरी गंभीर आहे असंही वाटेल. तेव्हा आवाजाचा निरोप रेसिपीला, गोष्ट सांगायला, वाढदिवसाला. रोजची चौकशी लिहूनच.

तिसरा मार्ग मला पटतो: हे सगळं तिलाच एकदा सांगून टाकणं. मुलाच्या मार्फत नाही. हा विषय तुमच्या आणि तिच्यातला आहे. तो तिला विचारून तुम्हाला सांगतो आणि तुम्हाला विचारून तिला सांगतो, यात प्रत्येक वेळी थोडं काहीतरी गळतं. फोनवर सांगा, नाहीतर लिहा. उदाहरणार्थ:

"अगं, तुझ्या नवऱ्याने दिवाळीत सांगितलं की गौरीच्या वेळी माझ्या उत्तराने तुला वाईट वाटलं. मी रागावले नव्हते. तुम्ही नव्हता म्हणून मन लागत नव्हतं, ते मला लिहिता आलं नाही. पूर्णविराम माझ्या हाताला लागलेली सवय आहे, तो कुठेही पडतो. कधी मनाला लागलं तर मला सरळ विचार हं, मी खरं तेच सांगेन"

यात "वाईट वाटलं असेल तर माफ कर" असं घालण्याचा मोह होईल. नका घालू. त्याने ती आणखी अवघडेल आणि "नाही हो आई, तसं काही नाही" म्हणून विषय पुन्हा बंद होईल. तुम्हाला तो उघडा हवा आहे.

आणि हे वाचणाऱ्या सुनांना, मुलांना, जावयांना: माणसाच्या निरोपाची तुलना त्याच्याच इतर निरोपांशी करा, तुमच्या मित्रमैत्रिणींच्या निरोपांशी नको. ज्या बाई "दूध आणलं." आणि "पाऊस पडतोय." असं लिहितात, त्यांच्या "ठीक आहे." मधल्या टिंबात काहीही नसतं. एरवी कधी टिंब न देणाऱ्या माणसाने अचानक दिलं, तर विचारायला हरकत नाही. पण विचारा. "आई, वाईट वाटलं का हो?" हे लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि दोन दिवसांची अस्वस्थता त्याने टळली असती. मुलग्यांना वेगळं सांगते: बायकोला आईचा राग जाणवला हे तुम्हाला गौरीत कळलं असेल तर आईला दिवाळीत सांगू नका. त्याच संध्याकाळी आईला फोन करा.

ऑफिसातल्या पत्रव्यवहाराबद्दलही पुष्कळजण विचारतात. साहेबांना, बँकेला, संस्थेला लिहिताना पूर्णविराम द्या, पूर्ण वाक्यं लिहा, चेहरे टाकू नका. तिथे जुनी रीतच चालते आणि तिच्यावर कुणी रुसत नाही.

ताई, श्रावण लागायच्या आधीच गौरीचा विषय काढा. या वर्षी रजेचा अर्ज कधी टाकायचा, गाडीचं आरक्षण कधी करायचं, हे आत्ताच विचारा. यायला जमणार नसेल तर तेही आत्ताच कळू दे, म्हणजे वाईट वाटायला आणि ते बोलून टाकायला दोघींना वेळ मिळेल. निरोप पाठवल्यावर निळ्या खुणा आल्या आणि उत्तर आलं नाही, तर त्यावरून काही ठरवू नका. ती कामात असेल. रात्री फोन लावा.